ग्वायुलेचे रबर: अमेरिकेचा आपत्कालीन रबर प्रकल्प (1942–1946)

डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत मलाया, सिंगापूर आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले. अमेरिका वापरत असलेल्या नैसर्गिक रबरापैकी सुमारे 90 टक्के रबर याच टापूतून येत असे. युद्धापूर्वी त्या देशाचा वार्षिक वापर सहा लाख टनांच्या पुढे होता आणि त्यातील मोठा वाटा टायरांचा होता. तुटवडा इतका गंभीर होता की 1942 च्या अखेरीस देशभर पेट्रोलचे रेशनिंग लागू करण्यात आले, ते मुख्यतः पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हे, तर गाड्या कमी धावून टायर कमी झिजावेत म्हणून. वाहनांची वेगमर्यादाही ताशी 35 मैलांवर आणली गेली. अशा परिस्थितीत सरकारने तीन दिशांनी प्रयत्न केले: जुने रबर गोळा करून पुन्हा वापरणे, पेट्रोलियम आणि अल्कोहोलपासून कृत्रिम रबर तयार करणे, आणि अमेरिकेच्याच मातीत वाढू शकेल अशा एखाद्या वनस्पतीपासून रबर मिळवणे.

यातील तिसऱ्या प्रयत्नाचा, म्हणजे ग्वायुले नावाच्या वाळवंटी झुडपावर उभारलेल्या आपत्कालीन रबर प्रकल्पाचा, हा अभ्यास आहे. हा प्रकल्प फसला असे सर्रास लिहिले जाते. मिळालेल्या रबराचे वजन पाहिले तर ते खरेही आहे. मात्र तो कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे अडखळला हे पाहिल्यावर दोष झुडपाचा कमी आणि वेळेच्या हिशेबाचा अधिक होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रबर काढण्याच्या तंत्रातील अडचणी खऱ्या होत्या, परंतु त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे प्रकल्प चालू असताना किंवा तो बंद झाल्यानंतर थोड्याच वर्षांत सापडली.

झुडूप आणि त्यातील रबर

ग्वायुले हे मेक्सिकोचा उत्तर-मध्य भाग आणि अमेरिकेतील टेक्सासचा नैऋत्य कोपरा यांत पसरलेल्या चिवावा वाळवंटातील, साधारण गुडघ्याएवढे ते मांडीएवढे वाढणारे, रुपेरी पानांचे बहुवार्षिक झुडूप आहे. त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम अर्जेंटाटम. महाराष्ट्रातील वाचकाला यातील पहिला शब्द ओळखीचा वाटेल, कारण 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, हे याच प्रजातीतील पार्थेनियम हिस्टेरोफोरस होय. अर्थात नाते असले तरी स्वभाव वेगळा आहे. गाजरगवत काही आठवड्यांत फुलावर येऊन हजारो बिया टाकते आणि कुठेही उगवते. ग्वायुले संथ वाढते, तण म्हणून पसरत नाही आणि त्याचे बियाणे रुजवणे हेच एक काम होऊन बसते. गाजरगवताच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचारोगाचे मुख्य कारण असलेले पार्थेनिन हे द्रव्य ग्वायुलेत नसते.

रबराच्या दृष्टीने या झुडपाची तुलना केरळात किंवा अलीकडे सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात दिसणाऱ्या रबराच्या झाडाशी केली की मूळ अडचण लगेच लक्षात येते. रबराच्या झाडात, म्हणजे हेवियात, चीक सालीतील एकमेकींना जोडलेल्या नलिकांच्या जाळ्यात असतो. सालीला तिरकी खाच पाडली की दाबामुळे तो आपोआप वाहतो, वाटीत जमा होतो, आणि एकच झाड वीस-पंचवीस वर्षे चीक देत राहते. ग्वायुलेत अशा नलिका नाहीत. रबराचे कण खोडाच्या आणि मुळाच्या सालीतील, तसेच काही प्रमाणात काष्ठातील, सुट्या पेशींमध्ये बंदिस्त असतात. खाच पाडून काहीही वाहत नाही. रबर हवे असेल तर पेशी फोडल्या पाहिजेत, आणि पेशी फोडायच्या तर झुडूप तोडून, बहुधा मुळासकट उपटून, कारखान्यात न्यावे लागते. एकूण रबरापैकी सुमारे दोन तृतीयांश खोडात व फांद्यांत आणि उरलेले मुळांत असते. पानांत ते जवळजवळ नसतेच.

जंगली झुडपाच्या कोरड्या वजनात साधारण 10 टक्के रबर भरते आणि निवडक झुडपांत ते याहून बरेच जास्तही आढळते. रासायनिकदृष्ट्या ते हेवियाच्या रबराहून वेगळे नाही. दोन्ही एकाच प्रकारच्या लांब साखळीच्या रेणूंचे, म्हणजे सिस-1,4-पॉलीआयसोप्रीनचेच आहेत. फरक आहे तो सोबतच्या द्रव्यांत. ग्वायुलेत रबराबरोबर राळ भरपूर असते, आणि हेवियाच्या चिकात जी नैसर्गिक ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये असतात ती येथे नाहीत. त्यामुळे हे रबर हवेच्या संपर्कात लवकर बिघडते. ही दोन वैशिष्ट्ये पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहेत.

1942 पूर्वीची पार्श्वभूमी

ग्वायुलेपासून रबर काढण्याची कल्पना युद्धात सुचलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकोतील कोआविला आणि दुरांगो या राज्यांत जंगली ग्वायुले तोडून रबर काढणारे कारखाने उभे राहिले. त्यांत रॉकफेलर आणि गुगेनहाइम यांच्यासारख्या अमेरिकी घराण्यांचा पैसा होता. पुढे मेक्सिकोचे अध्यक्ष झालेल्या फ्रान्सिस्को मादेरो यांचे कुटुंबही या धंद्यात होते. 1910 च्या सुमारास जगाच्या रबर पुरवठ्यापैकी सुमारे 10 टक्के रबर या झुडपातून येत होते. मात्र तोड लागवडीची नसून जंगलाची होती आणि एकदा उपटलेल्या जागी तेवढेच झुडूप पुन्हा उभे राहायला अनेक वर्षे लागत. त्यात 1910 मध्ये मेक्सिकोची क्रांती सुरू झाली आणि कारखाने बंद पडत गेले.

या धंद्यातील प्रमुख कंपनी, इंटरकॉन्टिनेंटल रबर कंपनी, आपले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम मॅकलम यांना आणि त्यांच्याजवळच्या बियाण्याला घेऊन अमेरिकेत आली. मॅकलम यांनी कॅलिफोर्निया आणि अॅरिझोना येथे पुढची अनेक वर्षे निवड पद्धतीने वाण तयार केले, रोपवाटिकेचे तंत्र बसवले आणि अखेर कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात शेतकऱ्यांबरोबर करार करून लागवड सुरू केली. 1931 मध्ये तेथे रबर काढण्याचा कारखानाही चालू झाला. त्याच्या आदल्या वर्षी सैन्याने दोन अधिकाऱ्यांना ग्वायुलेची पाहणी करायला पाठवले होते. त्यांपैकी एक होते मेजर ड्वाइट आयझेनहॉवर, जे पुढे सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झाले. देशाच्या संरक्षणासाठी सरकारने या पिकाला प्रोत्साहन द्यावे, अशी शिफारस त्यांच्या अहवालात होती. अहवाल दप्तरात पडून राहिला.

तो का पडून राहिला याचे उत्तर बाजारभावात आहे. 1925 मध्ये रबराचा भाव एका पौंडाला एक डॉलरच्या वर गेला होता. 1932 मध्ये तोच तीन सेंटच्या खाली आला. ज्या पिकाची काढणी लागवडीनंतर चार-पाच वर्षांनी होते, त्याची रोपे चढ्या भावाच्या काळात लावली जातात आणि काढणीच्या वेळी भाव कोसळलेला असतो. सॅलिनासच्या शेतकऱ्यांना नेमका हाच अनुभव आला. कंपनी मात्र तग धरून राहिली आणि तिने बियाणे, कारखाना व तंत्रज्ञ टिकवून ठेवले. या एका गोष्टीमुळेच 1942 मध्ये सरकारला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

कायदा, बियाणे आणि जमीन

5 मार्च 1942 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यानुसार इंटरकॉन्टिनेंटल कंपनीची अमेरिकेतील मालमत्ता सरकारने विकत घेतली आणि 75,000 एकर लागवडीला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही मर्यादा पाच लाख एकरांवर नेण्यात आली. प्रकल्पाची जबाबदारी अमेरिकेच्या वनविभागाकडे सोपवण्यात आली आणि मेजर इव्हान केली हे त्याचे प्रमुख झाले. एक हजाराहून अधिक शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ प्रकल्पात सामील झाले.

विकत घेतलेल्या मालमत्तेत सर्वांत मौल्यवान वस्तू कारखाना नव्हती, तर सुमारे दहा टन बियाणे होते. ग्वायुलेचे बी अतिशय बारीक असते आणि ते सुप्तावस्थेत असल्यामुळे ताजे बी पेरले तर उगवण तुरळक होते. सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात बी भिजवण्याची प्रक्रिया बसवल्यामुळे ही अडचण बरीच दूर झाली. तरीही थेट शेतात पेरणे त्या काळी परवडत नव्हते, म्हणून आधी रोपवाटिकेत गादीवाफ्यांवर रोपे वाढवायची आणि मग ती यंत्राने शेतात लावायची, असा क्रम होता. म्हणजे काढणीच्या चार-पाच वर्षांत रोपवाटिकेचा काळ आणखी मिळवायचा. मार्च 1942 मध्ये सही झालेल्या कायद्याचे पहिले भरघोस पीक 1946 किंवा 1947 च्या आधी हाती येणे शक्य नव्हते, हे पहिल्या दिवशीच स्पष्ट होते. हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. युद्ध तेवढे लांबेल असे गृहीत धरण्यात आले होते, आणि 1942 च्या वसंतात तसे गृहीत धरणे चुकीचे म्हणता येणार नाही.

जमिनीच्या निवडीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ग्वायुले सुपीक, पाण्याखालील जमिनीत भराभर वाढते, पण त्या वाढीत रबर कमी असते. थंड रात्री आणि पाण्याचा ताण मिळाला की झुडपाची वाढ मंदावते आणि मग त्याच्या पेशींत रबर साठू लागते. म्हणून लागवड अशी हवी, जिच्यात आधी पाणी देऊन झुडूप वाढवता येईल आणि नंतर ते ताणावर सोडता येईल. प्रकल्पाने घाईत कॅलिफोर्नियातील ओलिताखालच्या चांगल्या जमिनी भाड्याने घेतल्या, आणि त्या जमिनींवर लेट्यूससारख्या भाज्यांना युद्धकाळात उत्तम भाव मिळत होता. शेतकरी नाराज झाले. अन्नधान्य महत्त्वाचे की रबर, हा वाद 1943 मध्ये वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला आणि विस्ताराचे बेत आखडते घेण्यात आले. अखेरीस पाच लाख एकरांपैकी प्रत्यक्षात सुमारे 32,000 एकरांवरच लागवड झाली. ती तीन राज्यांत तेरा ठिकाणी विखुरलेली होती.

रबर काढण्याची प्रक्रिया

या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग कारखान्यातला आहे. सॅलिनासच्या कारखान्यात इंटरकॉन्टिनेंटलने विकसित केलेली यांत्रिक पद्धत वापरली जात होती. मुळासकट उपटलेली झुडपे वाळवून त्यांचे गठ्ठे बांधले जात. कारखान्यात ती कापून, रुळांमधून चिरडून, गारगोटीचे गोटे भरलेल्या लांब फिरत्या नळकांड्यांत पाण्याबरोबर घातली जात. गोट्यांच्या माऱ्याने पेशी फुटत आणि रबराचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून अळ्यांसारखे लांबट तुकडे तयार होत. कारखान्यातील माणसे त्यांना अळ्याच म्हणत. हा सर्व लगदा मोठ्या हौदांत सोडला की रबर हलके असल्याने वर तरंगे आणि पाणी प्यालेला लाकडाचा चोथा तळाशी बसे. बुचासारखी हलकी साल रबराबरोबर तरंगत राहत असे, म्हणून तरंगता माल दाबाखाली पाण्यात ठेवून सालीत पाणी शिरवले जाई आणि मग तो पुन्हा हौदात सोडला जाई. शेवटी रबर धुऊन, वाळवून, दाबून त्याच्या लाद्या केल्या जात.

वर्णन सोपे वाटते, पण त्यात एक पेच आहे. नुकत्याच तोडलेल्या हिरव्या झुडपात रबर चिकाच्या रूपात, म्हणजे पाण्यात विखुरलेल्या कणांच्या रूपात असते. अशी झुडपे गिरणीत घातली तर कण एकत्र येत नाहीत आणि पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून झुडूप आधी वाळवून पेशींच्या आतच रबर गोठू द्यावे लागे. पण वाळत असताना, संरक्षक द्रव्ये नसल्यामुळे, हवेतील ऑक्सिजन रबराच्या लांब साखळ्या तोडू लागतो आणि रबर मऊ, निकस होते. कमी वाळवले तर रबर हाती लागत नाही, जास्त वाळवले तर जे हाती लागते ते खराब निघते. यावर पुढे निघालेला उपाय म्हणजे तोडल्यावर लगेच झुडूप गरम पाण्यात बुडवणे. त्यामुळे रबर पेशींत ताबडतोब गोठते आणि निरुपयोगी पानेही गळून पडतात.

दुसरा प्रश्न राळेचा होता. यांत्रिक पद्धतीने काढलेल्या रबरात वजनाच्या पाचव्या भागाएवढी किंवा त्याहून अधिक राळ राहत असे. असे रबर चिकट राहते, त्याचे व्हल्कनीकरण (गंधकाबरोबर तापवून रबर मजबूत करणे) नीट होत नाही आणि टायरसाठी ते दुसऱ्या रबरात मिसळूनच वापरावे लागते. कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी ताग किंवा अंबाडी कुजवतात त्याप्रमाणे झुडपाचे तुकडे ओलसर ढिगात काही दिवस सूक्ष्मजीवांच्या हवाली ठेवून राळ कमी करून पाहिली आणि रबराचा दर्जा सुधारल्याचे आढळले. अॅसिटोनने राळ धुऊन काढणे हा अधिक खात्रीचा मार्ग होता. अॅसिटोनमध्ये राळ विरघळते, रबर विरघळत नाही. पण त्यासाठी विद्रावक परत मिळवण्याची यंत्रणा उभारावी लागते आणि सॅलिनासच्या जुन्या कारखान्यात ती नव्हती.

तिसरी गोष्ट निव्वळ वजनाच्या हिशेबाची. 10 टक्के रबर धरले तर एक टन रबरासाठी दहा टन कोरडे झुडूप उपटायचे, वाहून आणायचे, दळायचे आणि त्यातील नऊ टनांची विल्हेवाट लावायची. मुळांबरोबर येणारी माती आणि खडे वेगळेच. हेवियाच्या मळ्यात मजूर चीक गोळा करतो आणि झाड जागच्या जागी उभे असते. त्यामुळे ग्वायुलेचे अर्थशास्त्र रबराच्या भावाइतकेच राळ आणि चोथा कोण विकत घेतो यावर अवलंबून राहते. युद्धकाळात या दोन्हींना गिऱ्हाईक नव्हते आणि चोथा बहुधा जळणासाठी वापरला जाई किंवा टाकून दिला जाई.

मॅन्झनारमधील प्रयोग

प्रकल्पाच्या अधिकृत चौकटीबाहेर घडलेली एक गोष्ट येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. 19 फेब्रुवारी 1942 च्या कार्यकारी आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना घरे सोडायला लावून छावण्यांत डांबण्यात आले. यांत बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकी नागरिक होते. कॅलिफोर्नियाच्या ओवेन्स खोऱ्यातील मॅन्झनार ही अशीच एक छावणी होती आणि तिथे सुमारे दहा हजार लोक होते. त्यांत रोपवाटिका चालवणारे माळी होते, रसायनशास्त्रज्ञ होते, तसेच भौतिकशास्त्र आणि पेशी-आनुवंशिकी शिकलेले संशोधकही होते.

प्रकाशसंश्लेषणावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेचे रॉबर्ट इमर्सन या लोकांच्या स्थानबद्धतेच्या विरोधात होते. त्यांनी छावणीत ग्वायुलेचे संशोधन सुरू करण्याची कल्पना मांडली आणि ती मान्य झाल्यावर सॅलिनासच्या रोपवाटिकेत निवडून टाकून दिलेली रोपे छावणीत पोहोचवली. लाकडी पट्ट्यांच्या छपराखाली, भंगारातून जमवलेल्या साहित्यावर काम सुरू झाले. छावणीतील व्यावसायिक कामाचे सर्वोच्च वेतन महिन्याला 19 डॉलर होते. रबर मिळवण्यासाठी कोट्यवधी डॉलर खर्च होत असताना त्याच रबरावर काटेरी तारांच्या आत दरमहा 19 डॉलरवर संशोधन चालले होते, हे या प्रकरणाच्या नोंदीत असायलाच हवे.

त्यांच्या कामातील दोन निष्कर्ष महत्त्वाचे ठरले. पहिला म्हणजे ग्वायुलेच्या फांदीच्या छाटापासून मुळे फुटवून रोप करता येते. बियाण्याचा तुटवडा असताना आणि चांगल्या झुडपाचे गुण जसेच्या तसे पुढे न्यायचे असताना याचे मोल मोठे होते. त्या वेळी ही गोष्ट व्यवहारात जमणार नाही, असा तज्ज्ञांचा समज होता. दुसरा निष्कर्ष रबर काढण्याच्या पद्धतीविषयी होता: ताज्या झुडपाला कमीत कमी वेळात आणि हळुवार दळून, वाळवण्यात होणारी हानी टाळून, अधिक चांगल्या दर्जाचे रबर मिळू शकते. हे काम 1944 मध्ये वनस्पतिशास्त्राच्या आणि 1947 मध्ये औद्योगिक रसायनशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मुख्य प्रकल्पाने मात्र त्याचा फारसा उपयोग करून घेतला नाही. हे केवळ पूर्वग्रहामुळे झाले असे म्हणणे सोयीचे आहे, पण पूर्ण खरे नाही. 1944 नंतर ग्वायुलेत कोणत्याही सुधारणेसाठी पैसा घालण्याची सरकारचीच इच्छा ओसरली होती.

प्रकल्पाची अखेर

ती ओसरण्याचे कारण कृत्रिम रबर. 1942 च्या उन्हाळ्यात बर्नार्ड बरूक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सर्व बळ कृत्रिम रबरामागे लावण्याचा सल्ला दिला आणि ब्युटाडाइन व स्टायरिन यांपासून होणाऱ्या रबराचे कारखाने विलक्षण वेगाने उभे राहिले. 1945 मध्ये त्यांचे उत्पादन महिन्याला सुमारे 70,000 टनांवर गेले होते. ग्वायुले प्रकल्पाने आपल्या संपूर्ण आयुष्यात सुमारे 1,400 टन रबर दिले. म्हणजे चार वर्षांचे ग्वायुले कृत्रिम रबराच्या कारखान्यांच्या एका दिवसाच्या उत्पादनाएवढेही भरले नाही. त्याच काळात मेक्सिकोतील जंगली ग्वायुलेपासून काढलेले रबरही अमेरिका विकत घेत होती, ते वेगळे.

एक तांत्रिक मुद्दा मात्र या तुलनेत झाकला जातो. तत्कालीन कृत्रिम रबर मोटारीच्या टायरसाठी चालत होते, पण जड ट्रक आणि विमानांच्या टायरांत ते ताणाखाली फार तापे, म्हणून तेथे नैसर्गिक रबराचा काही अंश लागतच असे. युद्ध आणखी तीन वर्षे चालले असते तर शेतात उभे असलेले झुडूप अमूल्य ठरले असते. ऑगस्ट 1945 मध्ये युद्ध संपले, आग्नेय आशियातील मळे पुन्हा खुले झाले आणि जमीनमालकांनी जमिनी परत मागितल्या. 1946 मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. सुमारे 27,000 एकरांवरील झुडपे, ज्यांत अंदाजे नऊ ते दहा हजार टन रबर साठलेले होते आणि ज्यांतील बरीचशी काढणीच्या वयाला आली होती, नांगरून आणि जाळून नष्ट करण्यात आली.

हा निर्णय त्या क्षणीच्या जमाखर्चात बसत होता. काढणी आणि प्रक्रियेचा खर्च मिळणाऱ्या रबराच्या किमतीहून अधिक होता, कारखान्यांची क्षमता तुटपुंजी होती आणि भाडेकरार संपत आले होते. तरीही सर्वच क्षेत्र उखडण्याऐवजी काही हजार एकर राखून त्यावर प्रक्रिया सुधारण्याचे काम चालू ठेवता आले असते, असे म्हणायला जागा आहे; कारण नेमके तेच काम नौदलाच्या अर्थसाहाय्याने सॅलिनासमध्ये पुढील काही वर्षे अगदी छोट्या प्रमाणावर चालले आणि त्यातून 1950 च्या दशकाच्या आरंभी राळमुक्त ग्वायुले रबर तयार झाले, ज्याचे ट्रकचे टायर चाचणीत हेवियाच्या टायरांच्या तोडीचे उतरले. दर्जाचा प्रश्न सुटला तेव्हा शेतात झुडूपच उरले नव्हते. 1959 पर्यंत वाण सुधारण्याचे कामही थांबले आणि वाणांच्या मोठ्या संग्रहातून मोजकेच बियाणे साठवणीत राहिले. त्यानंतर ज्यांनी ग्वायुलेवर काम केले, त्यांना या अरुंद पायावरच उभे राहावे लागले.

नंतरचे प्रयत्न

1970 च्या दशकात तेलाचे भाव भडकले, कृत्रिम रबर महागले आणि रेडियल टायरांमुळे नैसर्गिक रबराची मागणी वाढली, तेव्हा ग्वायुले पुन्हा चर्चेत आले. मेक्सिकोने साल्तिओ येथे प्रायोगिक कारखाना उभारला; अमेरिकेने 1978 मध्ये कायदा करून संशोधनाला पैसा दिला आणि 1980 च्या दशकात अॅरिझोनात फायरस्टोनने संरक्षण खात्यासाठी प्रायोगिक उत्पादन केले. तेल स्वस्त झाल्यावर हाही प्रयत्न विरला.

यानंतरचे वळण अनपेक्षित दिशेने आले. एड्सच्या साथीनंतर रुग्णालयांत रबरी हातमोज्यांचा वापर प्रचंड वाढला आणि हेवियाच्या चिकातील प्रथिनांची तीव्र अॅलर्जी असलेले रुग्ण व परिचारिका मोठ्या संख्येने आढळू लागले. ग्वायुलेत ही प्रथिने नसतात. अमेरिकी कृषी खात्यातील कॅटरिना कॉर्निश यांनी झुडपापासून घट्ट रबराऐवजी चीकच वेगळा काढण्याची पद्धत बसवली. ताजे झुडूप वाळू न देता ऑक्सिडीकरणरोधक मिसळलेल्या अल्कधर्मी द्रावणात दळायचे, म्हणजे कण सुटे राहतात, आणि दुधावरची साय काढावी तसा चीक अपकेंद्री यंत्राने वेगळा करायचा. सॅलिनासच्या कारखान्यात जी अडचण होती, कण एकत्र न येण्याची, तिचाच येथे उपयोग करून घेतला गेला. 2008 मध्ये अशा चिकापासून केलेल्या तपासणीच्या हातमोज्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली.

टायरसाठी मात्र घट्ट रबरच लागते आणि तेथे विद्रावकांची पद्धत स्थिरावली आहे: वाळलेले झुडूप दळून योग्य विद्रावकांनी राळ आणि रबर दोन्ही विरघळवायचे आणि मग रबर वेगळे करून विद्रावक परत मिळवायचे. ब्रिजस्टोनने 2014 मध्ये अॅरिझोनातील मेसा येथे असे संशोधन केंद्र सुरू केले, त्याला झुडूप पुरवण्यासाठी एलॉय येथे शेत घेतले, 2015 मध्ये ग्वायुले रबराचा पहिला टायर तयार केला आणि 2022 मध्ये अमेरिकेतील इंडीकार मोटार शर्यतींत अशा रबराचे टायर वापरले. लागवडीतही बदल झाला आहे. आता बी थेट शेतात पेरले जाते आणि झुडूप मुळासकट न उपटता जमिनीच्या वर कापले जाते; उसाच्या खोडव्याप्रमाणे ते पुन्हा फुटते आणि साधारण दोन वर्षांनी पुन्हा कापणीला येते. मुळांतील रबर यात सोडून द्यावे लागते, पण रोपवाटिका आणि पुनर्लागवडीचा खर्च वाचतो आणि पहिले उत्पन्न लवकर मिळते.

1942 मध्ये ग्वायुलेची स्पर्धा लेट्यूसशी होती. आज अॅरिझोनात ती लसूणघास आणि कापूस यांच्याशी आहे, आणि कोलोरॅडो नदीच्या पाण्यात 2022 पासून झालेल्या कपातीमुळे त्या राज्याच्या मध्य भागातील शेतकऱ्यांना कमी पाण्यावरचे पीक शोधणे भाग पडले आहे. लसूणघासापेक्षा ग्वायुलेला बरेच कमी पाणी लागते. ते लावायचे की नाही हे ठरवताना शेतकरी दोन गोष्टी विचारतो: दोन वर्षे उत्पन्न नसताना करार कोण पाळणार, आणि रबर काढून उरलेल्या नऊ भागांचे पैसे कोण देणार. पहिल्या प्रश्नाला कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या कराराने उत्तर देता येते. दुसऱ्यासाठी राळेपासून आसंजके (चिकटवण्याची द्रव्ये), लाकडाला वाळवीपासून वाचवणारी द्रव्ये आणि चोथ्यापासून फळ्या व इंधन करण्याचे प्रयोग चालू आहेत, आणि त्यांपैकी कोणत्या वस्तूला कायमचे गिऱ्हाईक मिळते यावर ग्वायुलेच्या एका एकराचा हिशेब आज अवलंबून आहे.